नवे भीमगायक आणि श्रोत्यांचा प्रश्न

दलित साहित्याच्या समीक्षेत कविता, कथा आणि आत्मकथन यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने गाण्याविषयी फार थोडे लिहिले गेले, आणि जे लिहिले गेले तेही बहुतांशी गीतांच्या आशयाविषयी. गाणे कोणापर्यंत जाते, कोणत्या वाटेने जाते आणि गेल्यानंतर गाणारा व ऐकणारा यांच्यात कोणते नाते उरते, हा प्रश्न आपण समीक्षेचा मानलाच नाही. तो धंद्याचा प्रश्न आहे असे ठरवून आपण तो आधी कॅसेट काढणाऱ्यांवर सोडला आणि आता मोबाईलवर सोडून दिला आहे.

या लेखात मी तोच प्रश्न घेतो आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतून स्वतःच्या बळावर गाणी लिहून, ध्वनिमुद्रित करून लोकांपुढे आणणाऱ्या मुलामुलींची एक पिढी उभी राहिली आहे. कोणी भीमगीते गातो, कोणी शाहिरी करतो, कोणी रॅप करतो. या पिढीजवळ आशय आहे, आवाज आहे, धीटपणा आहे. परंतु श्रोते मिळवण्याच्या बाबतीत ती ज्या चुका करीत आहे त्या चुकांपायी तिचे श्रम आणि तिच्या आईबापांचा पैसा वाया जातो आहे. हे मी लांबून पाहून सांगत नाही. यातल्या एका चुकीत माझाही वाटा आहे.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवतो. माझा एक विद्यार्थी गातो. त्याची आई हंगामात कापूस वेचायला जाते. शिष्यवृत्ती थकली आणि वसतिगृहातील मुलांची खानावळ बंद पडली, त्या दिवसांवर त्याने एक गाणे लिहिले. गाणे चांगले होते. आईने साठवलेल्या पैशांतले अठरा हजार रुपये घेऊन तो जिल्ह्याच्या गावी स्टुडिओत गेला. बारा हजार ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरणात गेले. उरलेले सहा हजार त्याने एका माणसाला दिले. हा माणूस आठवड्यात लाख व्ह्यूज आणून देतो अशी त्याची ख्याती होती. आणि त्याने ते आणूनही दिले. चार दिवसांत आकडा लाखावर गेला. मुलगा पेढे घेऊन माझ्याकडे आला. मीही ते गाणे दोन-चार गटांत पुढे पाठवले आणि वर लिहिले, 'नव्या पिढीचा विद्रोही स्वर'. खरे सांगायचे तर पाठवण्यापूर्वी मी ते शेवटपर्यंत ऐकले नव्हते.

लाखाच्या भरवशावर त्याने तालुक्याच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. तिकीट पन्नास रुपये. माणसे आली चाळीस, आणि त्यातली निम्मी आमच्या वसतिगृहातली. कार्यक्रमानंतर तो म्हणाला, "सर, लाख माणसं गेली कुठं?" मला उत्तर देता आले नाही. उत्तर साधे होते. ती लाख माणसे नव्हतीच.

२

आपल्या परंपरेत श्रोते कसे मिळवले जात याची आठवण येथे करणे आवश्यक आहे. आंबेडकरी जलसे १९३० च्या दशकात जोमाने उभे राहिले. भीमराव कर्डकांसारखे जलसाकार गावोगाव गेले. त्यांनी लोकांना अनोळखी असा नवा कलाप्रकार आणला नाही. तमाशाचा ठाऊक असलेला साचा घेतला, त्यातला अश्लील आणि देवभोळा भाग काढला, आणि त्या जागी शिक्षणाचा, पाणवठ्याचा, मेलेली ढोरे न ओढण्याचा विषय आणला. ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे येथून सुरुवात, आणि त्याला काय ठाऊक व्हायला हवे येथे शेवट, अशी ती पद्धत होती. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले तेही गिरणगावाच्या चाळींत जाऊन गायले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. प्रौढ वयात अक्षर शिकलेला हा माणूस आयुष्यभर गावोगाव गात फिरला. त्यांची गाणी दुसऱ्यांनी गायली, त्या दुसऱ्यांची ऐकून तिसऱ्यांनी गायली. वामनदादांचा श्रोता हाच पुढे त्यांचा गायक आणि प्रचारकही झाला.

माझे वडील अशाच एका गायन पार्टीत पेटी वाजवीत. नामांतराच्या लढ्याच्या उत्तरार्धात आणि १९९४ साली विद्यापीठाचे नामांतर झाल्यानंतरही काही वर्षे ही पार्टी आमच्या भागात फिरत असे. वडिलांजवळ एक वही होती. त्या वहीत प्रत्येक कार्यक्रमापुढे गावाचे नाव, बोलावणाऱ्याचे नाव, जेवण कोणाकडे झाले, बिदागी किती मिळाली, आणि कोणते गाणे लोकांनी पुन्हा म्हणायला लावले याची नोंद असे. काही ठिकाणी बिदागीच्या जागी 'दोन पायली ज्वारी' असे लिहिलेले आहे. एका गावापुढे लिहिले आहे : 'बायका माघं बसवल्या. पुढच्या साली आधी सांगणे.' लहानपणी मी त्यांना विचारले होते की हे सगळे कशाला लिहायचे. ते म्हणाले, "पुढच्या साली परत जायचं असतंय ना. नाव ठावं पायजे."

पदवीधर झाल्यावर मला या वहीची लाज वाटू लागली होती. घरात पुस्तके नव्हती, आणि होती ती अशी एक वही, असे मी मित्रांत हसून सांगत असे. आज माझ्या ध्यानात येते की नव्या गायकाजवळ सगळे आहे, फक्त ही वही नाही.

पुढे कॅसेट आली. कॅसेटने एक मोठे काम केले. पार्टी जेथे पोचत नव्हती तेथे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज पोचले. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर गाण्यांच्या पुस्तिकांशेजारी कॅसेटींची दुकाने लागू लागली. मात्र त्याच वेळी एक दुरावाही निर्माण झाला. कोणी घेतली, कोठे वाजली, हे कॅसेट विकणाऱ्याला कळले. गाणाऱ्याला कळले नाही. आज मोबाईलने तो दुरावा अनेक पटींनी वाढवला आहे, आणि त्यावर आकड्याचा पडदा टाकला आहे.

३

नव्या गायकांच्या चुका मी पाच ठिकाणी पाहतो.

पहिली आणि मुळाची चूक म्हणजे आकड्यालाच श्रोता समजणे. विकत घेतलेले व्ह्यूज हे बहुधा यंत्राचे, किंवा पैसे घेऊन बटण दाबणाऱ्यांचे असतात. ते गाणे ऐकत नाहीत. यूट्यूबच्या नियमांत असे व्ह्यूज निषिद्ध आहेत आणि उघडकीस आल्यास ते काढले जातात, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अधिक नुकसानीची आहे. एखादे गाणे आणखी कोणाला दाखवायचे हे ठरवताना तेथील यंत्रणा माणसे ते किती वेळ ऐकतात, मध्येच सोडतात काय, पुन्हा येतात काय, हे पाहते. लाखांनी उघडले आणि दोन सेकंदांत सोडले, तर यंत्रणेच्या दृष्टीने ते लाखांनी नाकारलेले गाणे ठरते. म्हणजे सहा हजार रुपये देऊन माझ्या विद्यार्थ्याने आपल्या गाण्याविरुद्ध लाख साक्षीदार उभे केले.

शिवाय आकड्यांतून पैसा येतो हीही भ्रामक समजूत आहे. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी आधी एक हजार सदस्य असावे लागतात, आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जावे लागते किंवा नव्वद दिवसांत लहान चित्रफितींना एक कोटी व्ह्यूज मिळावे लागतात. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की वर्षात एक हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला काहीच मिळणार नाही. तेव्हा आरंभीच्या काळात आकड्यावर जगता येत नाही. ज्यावर जगता येते ती गोष्ट वेगळी आहे. पन्नास गावांत प्रत्येकी दहा माणसे अशी असावीत की जी पुढचे गाणे कधी येते म्हणून विचारतील, कार्यक्रम ठरवतील, शंभर रुपये वर्गणी देतील. ही पाचशे माणसे लाखापेक्षा अधिक आहेत.

दुसरी चूक म्हणजे आपले सगळे श्रोते दुसऱ्याच्या वाड्यात ठेवणे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. बंदीचे कारण राजकीय होते आणि त्याची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. परंतु खेड्यापाड्यांतील कितीतरी मुलांनी तेथे श्रोते जमवले होते, आणि ते एका रात्रीत नाहीसे झाले. त्यातल्या कोणाजवळही श्रोत्याचे नाव-गाव नव्हते. रेसो आणि विंक या गाण्यांच्या सेवा २०२४ मध्ये बंद झाल्या. उद्या आणखी कोणती बंद होईल किंवा नियम बदलील हे गायकाच्या हाती नाही.

दलित समाजाला तरी हा धडा नव्याने शिकण्याची गरज पडू नये. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले तेव्हा 'केसरी'ने पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. माध्यम दुसऱ्याचे असले की आपले तोंड त्याच्या मर्जीने उघडते आणि मिटते. म्हणून बाबासाहेबांनी पत्रे काढली, वर्गणीदार जमवले, पुढे छापखाना उभारला. यूट्यूब आणि इन्स्टाग्राम वापरू नका असे मी म्हणत नाही. वेशीवरच्या चावडीसारखा त्यांचा उपयोग करावा. तेथे माणूस भेटला की त्याला आपल्या घरचा रस्ता दाखवावा. त्याची परवानगी घेऊन त्याचे नाव, गाव, फोन नंबर आपल्या वहीत लिहावा. त्याला नव्या गाण्याचा निरोप आपण स्वतः द्यावा.

तिसरी चूक काळाची आहे. आमचे बहुतेक गायक एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गाणे आणतात. चौदा एप्रिलला मिरवणूक असते, डीजे असतो, मागणी असते, हे खरे. पण त्याच पंधरवड्यात सगळेच गाणे आणतात. एकाच आठवड्यात ऐकणाऱ्याच्या कानावर शंभर गाणी आदळली तर त्याने कोणते नाव लक्षात ठेवावे? त्यातही गाणे मिरवणुकीसाठीच केलेले असले तर डीजेच्या धडधडाटात शब्द बुडतात, आणि शब्द हेच ज्याचे भांडवल त्या गायकाचे भांडवल बुडते. सोळा एप्रिलनंतर तो गप्प होतो तो पुढच्या मार्चपर्यंत. अकरा महिने ज्याच्याशी आपण बोललो नाही त्याने बाराव्या महिन्यात आपल्याला ओळखावे ही अपेक्षा चुकीची आहे.

आणि आपले जगणे काय एप्रिलपुरते आहे? जूनमध्ये प्रवेशाची धावपळ असते, भरतीच्या परीक्षा रद्द होतात, ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात, शहरात खोली शोधताना आडनाव विचारले जाते. या गोष्टींवरची गाणी त्या त्या वेळी आली तर ऐकणारा म्हणेल की हा माझ्याविषयी बोलतो आहे. माझ्या विद्यार्थ्याचे गाणे खानावळीवर होते. खानावळ सप्टेंबरात बंद पडली होती. व्ह्यूज आणणाऱ्याने 'सीझन आहे' असे सांगितल्यामुळे गाणे एप्रिलात बाहेर पडले. तोवर शिष्यवृत्ती आली होती आणि मुले परीक्षेला बसली होती.

चौथी चूक म्हणजे 'सगळ्यांसाठी' गाण्याचा हव्यास. पुष्कळांना वाटते की आपल्या गाण्यातली वस्ती पुसली, बोली पुसली, जयभीम पुसला, म्हणजे ऐकणारे वाढतील. काहींच्या बाबतीत याच्या उलट होते. ते जयभीम तेवढा ठेवतात आणि बाकी सगळे मुंबईच्या एखाद्या गाजलेल्या रॅपरचे उचलतात. त्याच्यासारखी टोपी, त्याच्यासारखे हातवारे, न पाहिलेल्या गल्लीचे वर्णन. दोन्ही प्रकारांत श्रोत्याला ओळख पटत नाही.

जे दूरवर गेले त्यांच्याकडे पाहावे. जालंधरची गिन्नी माही रविदासी समाजाच्या कार्यक्रमांत गात गात पुढे आली, आणि २०१६ च्या सुमारास देशभर तिचे नाव झाले. चेन्नईत पा. रंजित यांच्या नीलम सांस्कृतिक केंद्राच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद उभा राहिला आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांसमोर आला. त्याने आपले नाव अयोतीदास पंडितांच्या विचारातून घेतले आणि उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतला 'गाना' हा प्रकार मध्यभागी ठेवला. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर दारोदार गात होत्या. लोकांनी मोबाईलवर टिपलेल्या चित्रफितींनी त्यांचा आवाज घरोघरी नेला. या तिघांतही प्रकार वेगळे, वयाचे अंतर मोठे. परंतु तिघांचाही पहिला श्रोता जवळचा होता आणि तो ठरलेला होता. दूरचा माणूस नंतर आला, आणि जवळच्या माणसाला काय मिळते आहे हे पाहून आला.

पाचवी चूक नावाची आणि हक्काची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. वामनदादा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफीत. संतांपासून शाहिरांपर्यंत चालत आलेली ही नाममुद्रा आहे. छापलेले पुस्तक हरवले, गाणारा बदलला, तरी शेवटच्या कडव्यात कवी उभा असे. आजच्या तीस सेकंदांच्या रीलमध्ये शेवटचे कडवे कधीच येत नाही. गाण्याचे तोंड तेवढे फिरते आणि कवी मागे राहतो. चित्रफितीखालच्या मजकुरात गीतकाराचे नाव लिहायला जागा असते, पण तेथेही निर्मात्याचे, कॅमेरावाल्याचे, 'विशेष सहकार्य' करणाऱ्या नगरसेवकाचे नाव असते, गीतकाराचे नसते. ज्या श्रोत्याला कवीचे नाव कळले नाही तो त्या कवीचा श्रोता होऊ शकत नाही. म्हणून नाममुद्रा पहिल्या कडव्यात आणावी लागली तरी आणावी, पडद्यावर लिहावी, आणि ज्यांचे गाणे आपण गातो त्यांचे नाव आधी तोंडाने उच्चारावे.

हक्काची गोष्ट याहून कठीण आहे. मार्च २०२१ मध्ये तामिळ भाषेतील 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे आले. ते अरिवू या दलित कवी-रॅपरने आपल्या आजीच्या आणि चहामळ्यांत राबलेल्या भूमिहीनांच्या आठवणींतून लिहिले होते. ते कोट्यवधी वेळा पाहिले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका संगीतविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याचा गौरव झाला तेव्हा अरिवूला वगळण्यात आले आणि त्यावर वादळ उठले. मार्च २०२४ मध्ये त्या गाण्याचे संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की या गाण्याचा एक पैसाही आपल्यापर्यंत पोचलेला नाही. कोट्यवधी श्रोते, आणि कवी-संगीतकारांच्या हाती काही नाही! व्यवहार कागदावर नीट नसला म्हणजे चाहते वाढूनही काय होते याचे यापेक्षा ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

माझ्या विद्यार्थ्याचे असेच झाले, लहान प्रमाणावर. कार्यक्रम फसल्यावर त्याच्याकडे गाणी काढणारी एक संस्था आली. पाच हजार रुपये रोख, आणि सही. इंग्रजीतला तो कागद त्याने वाचला नाही. मला दाखवला नाही. पुढे त्याने तेच गाणे आपल्या चॅनलवर नव्याने टाकले तेव्हा मालकीच्या तक्रारीवरून ते काढले गेले. आपलेच गाणे आपल्याला गाता येत नाही म्हणून तो माझ्या घरी येऊन रडला.

या बाबतीत कायदा काय म्हणतो हे आपल्या प्रत्येक गायकाला ठाऊक हवे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या लेखकाला व संगीतकाराला त्या वापराच्या स्वामित्वधनात समान वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो वारसांखेरीज किंवा कॉपीराइट संस्थेखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. हक्क सोपवण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. गायकाचा आपल्या गायनावरचा हक्क वेगळा आहे. गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी १९६९ पासून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था आहे, आणि तिचे सभासद होता येते. सिनेमाच्या चालीवर भीमगीत बांधण्याची आपली जुनी रीत आहे. गावच्या फडात ती चालून गेली. मोबाईलवर मात्र चालीच्या मालकाने हक्क सांगितला की गाण्याचे उत्पन्न तिकडे जाते. तेव्हा स्वतःची चाल बांधणे हा आता नुसता कलेचा मुद्दा उरलेला नाही.

४

येथे दोन आक्षेप येतील. पहिला आक्षेप निष्ठावंतांचा. ते म्हणतील की चळवळीचे गाणे ही विक्रीची वस्तू नाही, आणि प्रचाराची ही भाषा बाजारू आहे. या आक्षेपामागची कळकळ मला मान्य आहे, आक्षेप मान्य नाही. जलसा हा प्रचारच होता. त्याची दवंडी पिटली जात होती, पुस्तिका विकल्या जात होत्या, बिदागी घेतली जात होती. ज्याला बिदागी मिळाली नाही तो जलसाकार पुन्हा आला नाही, कारण त्याच्या घरी चूल होती. 'समाजकार्य म्हणून गा' असे म्हणून आपण मंडपवाल्याला, डीजेवाल्याला, हारवाल्याला रोख देतो आणि गायकाला शाल देतो. यात निष्ठा कसली? हे वेठबिगारीचे नवे रूप आहे.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. हल्ली सगळे 'फॅन' मिळवण्याची गोष्ट करतात. मराठीत आपण त्याला चाहता म्हणतो, आणि मोबाईलवर त्याचे नाव फॉलोअर, म्हणजे अनुयायी, असे आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला होता. ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते असे त्यांनी बजावले होते. हा इशारा कलेच्या क्षेत्रातही ध्यानात घ्यावा असे मला वाटते. गायकाचे भक्त जमले की गायक बिघडतो. टीका करणाऱ्याला भक्त गप्प बसवतात, दोन गायकांचे भक्त एकमेकांच्या जाती-पोटजाती काढतात, आणि ज्या गाण्याने माणसे जोडायची ते माणसे तोडते. हे आपण मोबाईलवर रोज पाहतो. जुन्या कव्वालीच्या सामन्यात दोन पार्ट्या एकमेकींना रात्रभर प्रश्न घालीत, आणि ऐकणारे उत्तराची वाट पाहत बसत. तो श्रोता न्यायाधीश होता. आपल्या गायकांनी भक्त जमवू नयेत, असा श्रोता घडवावा. आणि असा श्रोता विकत मिळत नाही, यंत्र तो आणून देऊ शकत नाही. त्याला भेटावे लागते, त्याचे ऐकून घ्यावे लागते, आणि पुढच्या साली परत जावे लागते.

५

चुका गायकांच्या म्हणून सांगितल्या. पण आम्ही शिकलेल्यांनी काय केले हेही सांगितले पाहिजे. माझ्या विद्यार्थ्याला मी अलंकार शिकवले, वृत्ते शिकवली, दलित कवितेतल्या विद्रोहावर टिपण लिहायला लावले. करार कसा वाचावा हे मी त्याला शिकवले नाही. मलाही ते येत नव्हते. त्याचे गाणे न ऐकता मी त्याची तारीफ केली. तारीफ करण्यापेक्षा मी ते नीट ऐकले असते तर दुसऱ्या कडव्यात त्याचा श्वास पुरत नाही, आणि खानावळवाल्या बाईचा उल्लेख येतो तेथे गाणे खरे उभे राहते, हे त्याला सांगू शकलो असतो. न ऐकता पुढे पाठवणारा शिक्षक आणि पैसे घेऊन बटण दाबणारे यंत्र यांत फरक काय?

म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे, म्हणजे कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यापुढे, मी काही गोष्टी ठेवतो. जयंतीच्या खर्चात गायकाची बिदागी आधी काढून ठेवावी, मग डीजेचा विचार करावा. प्रत्येक महाविद्यालयात, वसतिगृहात, वाचनालयात वर्षातून चार वेळा, एप्रिल वगळून, एका नव्या गायकाला बोलवावे. बायकांची बसण्याची जागा पुढे ठेवावी. आपल्यातल्या वकिलांनी गायकांचे करार विनामूल्य वाचून द्यावेत. गाण्यांची समीक्षा लिहावी. नाव, गीतकार, संगीतकार, वर्ष यांच्या नोंदीसह लिहावी. आणि गायकांनी वही घालावी.

माझ्या विद्यार्थ्याने दुसरे गाणे केले आहे. या खेपेला त्याने कोणाला पैसे दिले नाहीत. वडिलांची वही मी त्याला दाखवली. ती त्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि तिच्यातल्या अकरा गावांत तो जाऊन आला. काही माणसे वारली होती, काही पुण्याला गेली होती. सात गावांत मात्र वडिलांच्या पार्टीचे नाव सांगताच त्याला बसायला सतरंजी मिळाली. त्याच्या वहीत आज एकशे चाळीस नावे आहेत. यूट्यूबवर ते गाणे अजून तीन हजारांच्या पुढे गेलेले नाही. परंतु त्या नावांतली एक खानावळ चालवणारी बाई त्याला फोन करून म्हणाली की दुसऱ्या कडव्यात तू भाकरीचा भाव चुकीचा सांगितला आहेस. त्याने ती ओळ बदलली.